शिस्त जन्माने येत नाही

विलायतेची सफर करून परतलेल्या गृहस्थांपाशी सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ असतात. पण त्यांतली एक अगदी ठरलेली असते. लंडनमध्ये झेब्रा पट्ट्यांवर पाऊल टाकताच दोन्ही बाजूंच्या मोटारी कशा निमूटपणे थांबल्या, मध्यरात्री चौकात चिटपाखरू नसतानाही लाल दिव्यापुढे एक मोटार कशी उभी होती आणि पंधरा दिवसांच्या मुक्कामात कर्णा कसा जवळजवळ कानीच पडला नाही, हे ते मोठ्या कौतुकाने सांगतात. या कथनाचा समारोपही ठरलेला असतो: ‘शिस्त त्यांच्या रक्तातच आहे, आपल्या लोकांना ती जमायची नाही.’ श्रोते माना डोलावतात, चहापान होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ, पुढचे वळण लांब पडते म्हणून, आपली स्कूटर दुभाजकाच्या उलट्या अंगाने हाकीत कचेरीकडे निघतात.

‘शिस्त रक्तात असते’ हा सिद्धांत सोयीचा आहे, यात शंका नाही. दोष रक्ताचाच म्हटल्यावर सरकार सुटते, रस्ता बांधणारा अभियंता सुटतो, परवाना देणारा अधिकारी सुटतो आणि स्कूटर हाकणारा नागरिकही सुटतो. पण सोयीचे ते खरे असतेच असे नाही. या एका समजुतीपायी किती किंमत मोजली जात आहे, हे पाहिले तर ती निरुपद्रवीही वाटणार नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे अपघातांत मृत्यू पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. याच वर्षी उत्तर आयर्लंड वगळता ब्रिटनमध्ये १,७११ माणसे अशा अपघातांत दगावली. भारताची लोकसंख्या ब्रिटनच्या सुमारे एकवीसपट असली, तरी बळींची संख्या जवळजवळ शंभरपट होती. दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला, तर आपल्याकडे बारा आणि तेथे अडीच असे प्रमाण पडते. आपल्याकडे माणशी वाहने कितीतरी कमी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत अधिकच भीषण वाटू लागते.

याहून विचार करायला लावणारी एक जुनी आकडेवारी आहे. १९७० मध्ये भारतात रस्त्यांवरील बळींची संख्या सुमारे साडेचौदा हजार होती आणि ब्रिटनमध्ये ती साडेसात हजारांच्या घरात होती. म्हणजे त्या वर्षी ब्रिटनच्या दुप्पट बळी आपल्याकडे पडत होते, शंभरपट नव्हे. त्यानंतरच्या अर्धशतकात तेथील आकडा एक-चतुर्थांशाच्याही खाली आला आणि आपला जवळजवळ बारापट झाला. पन्नास वर्षांत कोणत्याही राष्ट्राचे रक्त बदलत नसते. बदलली ती राज्यकारभाराची रीत, आणि ती कशी बदलली हे पाहणे आपल्या हिताचे आहे.

एका मुळाच्या दोन फांद्या

तुलनेसाठी ब्रिटनच घ्यावा, याला कारण आहे. स्वीडन किंवा जपान यांची उदाहरणे दिली की परंपरा निराळी, भाषा निराळी, कायद्याची घडण निराळी, अशी उत्तरे तयार असतात. ब्रिटनबाबत ती पळवाट नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालविण्याचा प्रघात आपण तेथून घेतला. तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी सक्तीचा विमा ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने आला आणि त्याच धर्तीवर १९३९ च्या भारतीय मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झाला. परवाना, नोंदणी, वेगमर्यादा, बेदरकारपणाचा गुन्हा या साऱ्या कल्पना एकाच मुळातून आलेल्या आहेत. मूळ एक आणि फळे इतकी भिन्न, असे का व्हावे?

कायद्याची अक्षरे सौम्य पडली म्हणून असे झाले, असे म्हणण्याची सोय नाही. मद्यपान करून वाहन चालविण्याचेच उदाहरण घ्यावे. ब्रिटनने १९६७ मध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा दर शंभर मिलीलिटरला ८० मिलिग्रॅम अशी ठरविली. भारताच्या कायद्यातील मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे कागदावर आपण ब्रिटनहून कितीतरी अधिक सोवळे आहोत! १९८८ चा मोटार वाहन कायदा शिरस्त्राणाची सक्ती करतो, ती चालकावर आणि त्याच्या मागे बसणाऱ्यावरही. रस्त्यावर कसे वागावे याचे नियम १९८९ मध्ये झाले, २०१७ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. उणीव नियमांची नाही. नियम मोडल्यावर काय होते, याविषयी नागरिकाच्या मनात जो अंदाज असतो त्यात खरा फरक आहे.

पाच शिलिंगांचा परवाना

इंग्रज माणूस प्रथमपासून असा आज्ञाधारक होता काय? इतिहास तसे सांगत नाही. १९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वाहनचालकाला परवाना घेणे भाग पाडले. पण त्यासाठी परीक्षा कसली म्हणून नव्हती. पाच शिलिंग भरले की परवाना हाती पडे. त्याच कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली, तेव्हा मोटारवाल्यांनी ती पाळण्यापेक्षा चुकविण्याकडेच अधिक लक्ष पुरविले. पोलीस आडोशाला दबा धरून बसत आणि वेग मोजत. त्यांच्यापासून मोटारवाल्यांना सावध करता यावे, यासाठी १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. तिचे सायकलस्वार सेवक रस्त्यात सभासदांना इशारा देत. पुढे न्यायालयाने असा इशारा देणे गुन्हा ठरविले, तेव्हा संस्थेने युक्ती काढली: सेवकाने सलाम केला तर मार्ग निर्धोक, सलाम केला नाही तर पुढे पोलीस आहेत असे सभासदाने ओळखावे! समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे लुकलुकले की पुढच्या वळणावर हवालदार उभा आहे, हे आपल्याकडे ज्यांना आपोआप कळते, त्यांनी या इंग्रज बंधूंशी आपले नाते ओळखावयास हरकत नाही.

१९३० मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटने मोटारींवरील वेगमर्यादाच काढून टाकली. लोक ती पाळत नाहीत, मग ठेवावी कशाला, असा त्यामागचा विचार होता. परिणाम व्हावयाचा तो झाला. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे ठार झाली आणि सव्वादोन लाखांहून अधिक जखमी झाली. त्या वेळी देशात वाहने होती अवघी चोवीस लाखांच्या आसपास. आज तेथे वाहने चार कोटींच्या वर आहेत आणि बळी त्या वेळच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी. ‘रक्तातील शिस्त’ १९३४ मध्ये कोठे गेली होती?

त्या वर्षी कायदा सुधारण्याचा प्रश्न आला, तेव्हा विरोधही झाला. रस्त्यावर जितकी माणसे मरतात जवळजवळ तितकीच दरसाल आत्महत्या करतात, त्याबद्दल कोणी ओरड करीत नाही, अशा अर्थाचा युक्तिवाद मूर-ब्रॅबझन नावाच्या सभासदाने कॉमन्स सभेत केला. हे गृहस्थ पुढे १९४० मध्ये वाहतूकमंत्री झाले, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल. सुदैवाने त्या काळचे वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी या तर्कशास्त्राला भीक घातली नाही. १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आली, नव्या चालकांना वाहन चालविण्याची परीक्षा सक्तीची झाली आणि पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याच्या जागी नारिंगी गोळ्यांचे दिवे उभे राहिले. ते दिवे आजही ‘बेलिशा बीकन’ या नावाने ओळखले जातात. पहिल्या दिवसांत यांतले पुष्कळ काचगोळे दगडांनी फुटले. फोडणारेही इंग्रजच होते.

व्यक्तिस्वातंत्र्याचा पुकारा

सुधारणा एका झटक्यात झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. युद्धकाळात दिवे मालविण्याच्या सक्तीमुळे अंधारात अपघात वाढले आणि १९४१ मध्ये बळींचा आकडा ९,१६९ वर गेला. शांततेच्या काळातील उच्चांक १९६६ मध्ये ७,९८५ असा नोंदला गेला. तेव्हा वाहतूकमंत्री होत्या बार्बरा कासल. त्यांना स्वतःला मोटार चालविता येत नव्हती. ज्या बाईला मोटार हाकता येत नाही तिने मोटारवाल्यांना शहाणपण शिकवावे काय, असा उपहास झाला. चालकाचा श्वास तपासून मद्यपान पकडण्याचा कायदा त्यांनी १९६७ मध्ये अंमलात आणला, तेव्हा गुत्तेवाले खवळले, वृत्तपत्रांनी झोड उठविली, धमक्यांची पत्रे आली. बाई डगमगल्या नाहीत. पहिल्या वर्षातच मृत्यूंच्या संख्येत हजाराहून अधिक घट झाली आणि टीकेचा सूर हळूहळू मावळला.

मोटारीतील आसनपट्ट्याची कथाही अशीच आहे. पट्टा बांधण्याची सक्ती करणारी विधेयके सत्तरीच्या दशकात पार्लमेंटपुढे वारंवार आली आणि वारंवार बारगळली. स्वतःच्या मोटारीत स्वतःचा जीव कसा सांभाळावा हे सरकारने सांगावयाचे कारण काय, हा आक्षेपाचा मुख्य सूर होता. अखेर १९८३ मध्ये पुढील आसनांसाठी ही सक्ती आली, तीही प्रथम तीन वर्षांपुरती. त्यापूर्वी शंभरांतील चाळीसेक लोक पट्टा बांधीत. सक्ती येताच हे प्रमाण नव्वदीच्या पुढे गेले. १९८६ मध्ये सक्ती कायम झाली, तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याचा पुकारा करणारे फारसे उरले नव्हते.

हा पुकारा मराठी वाचकाला अपरिचित नाही. पुण्यात शिरस्त्राणाच्या सक्तीविरुद्ध कृती समित्या झाल्या, २०१९ च्या आरंभी मोर्चाही निघाला. डोके आमचे आहे, असा त्यांचा दावा होता. डोके ज्याचे त्याचे असते हे खरे. पण ते फुटल्यावर उघडी पडते ती बायको, पोरकी होतात ती मुले आणि भार पडतो तो सार्वजनिक रुग्णालयावर. २०२२ मध्ये शिरस्त्राण न घालता मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या सरकारी अहवालानुसार पन्नास हजारांवर होती. मोठ्यांचाही अपवाद नाही. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे २०१४ मध्ये दिल्लीत मोटार-अपघातात गेले. उद्योगपती सायरस मिस्त्री २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गेले. मागच्या आसनावर ते पट्टा न बांधता बसले होते. दोन्ही वेळी देश हळहळला. मागच्या आसनावर पट्टा बांधण्याचा आग्रह महिनाभर चालला आणि पुढे थंडावला.

इंग्लंड आणि भारत यांच्यात येथे फरक पडतो तो लोकांच्या विरोधात नाही. तो दोन्हीकडे सारखाच होता. विरोध झाल्यावर राज्यकर्ते काय करतात, यात फरक आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन कायद्यात मोठी सुधारणा करून दंड वाढविले. महिनाही लोटला नाही तोच गुजरातने अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने सुधारित दंड लागू करण्यास डिसेंबर २०२१ उजाडू दिला. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांलगत ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा आदेश डिसेंबर २०१६ मध्ये दिला, तेव्हा काही राज्यांनी दुकाने हलविण्याऐवजी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांच्या तुकड्यांचा दर्जाच बदलण्याचा मार्ग शोधला. दुकान जागच्या जागी राहिले, महामार्ग मात्र नाहीसा झाला! २०२४ च्या प्रारंभी, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला. जुलैमध्ये भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. ट्रकचालकांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. अपघातस्थळी थांबले तर जमाव जीव घेईल, ही त्यांची भीती खरी होती. पण त्या भीतीचे निवारणही झाले नाही आणि कायदाही लागू झाला नाही. कडक कायदा करून टाळ्या घ्यावयाच्या आणि अंमलबजावणीची वेळ येताच माघार घ्यावयाची, ही आपली रीत होऊन बसली आहे.

परीक्षा आणि पावती

ब्रिटनमध्ये वाहन चालविण्याचा परवाना ही कमवावयाची वस्तू आहे. प्रथम लेखी परीक्षा; तिच्यात पन्नासपैकी त्रेचाळीस उत्तरे बरोबर यावी लागतात. तिच्याच जोडीला पडद्यावरील चलचित्रांतून धोका केव्हा उद्भवतो हे वेळेवर ओळखण्याची परीक्षा असते. त्यानंतर परीक्षक शेजारी बसून सुमारे चाळीस मिनिटे भर रहदारीत वाहन चालवून पाहतो. एक गंभीर चूक झाली की उमेदवार नापास. या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे कमीच असते. भारताचा परवाना तेथे पहिले बारा महिने चालतो, नंतर ही परीक्षा द्यावी लागते. आणि येथे दहा-दहा वर्षे मोटार हाकलेल्या अनेक मराठी अभियंत्यांना ती एकाहून अधिक वेळा द्यावी लागल्याच्या कथा तेथील मराठी घरांत हसत हसत सांगितल्या जातात.

आपल्याकडे शिकाऊ परवान्याच्या चाचणीत शेकडा साठ गुण पुरेसे मानले गेले. प्रत्यक्ष चाचणी म्हणजे बहुतेक ठिकाणी मोकळ्या मैदानात किंवा आखीव पट्ट्यावर काढलेली एखादी फेरी. अनेकांच्या बाबतीत तीही निव्वळ उपचार ठरते, कारण कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या एजंटाने सारे ‘सांभाळून’ घेतलेले असते. ज्या माणसाला परवाना मिळविताना पहिला धडा ‘पैसे दिले की काम होते’ असा मिळाला, त्याला चौकातील हवालदारासमोर दुसरे काही आठवावे, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

परवाना मिळाल्यानंतरची गोष्ट आणखी महत्त्वाची. ब्रिटनमध्ये गुन्ह्यानुसार परवान्यावर दोषांक नोंदले जातात. तीन वर्षांत बारा दोषांक झाले की साधारणतः किमान सहा महिने वाहन चालविण्याचा हक्क जातो. नवशिक्याला पहिल्या दोन वर्षांत सहा दोषांक पडले तरी परवाना रद्द होतो आणि पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागते. दोषांक चढले की विम्याचा हप्ताही चढतो. येथे श्रीमंत आणि गरीब यांच्यात भेद उरत नाही. दंड भरणे लक्षाधीशाला जड नसते. पण सहा महिने मोटार घरात उभी ठेवणे त्यालाही बोचते.

आपल्याकडे शिक्षेचे स्वरूप बहुधा रकमेचे. चौकात पकडले गेले तर पावती किंवा चिरीमिरी, आणि कॅमेऱ्याने टिपले तर ई-चलन. कोट्यवधी रुपयांची चलने थकतात, मग लोकअदालतीत सवलतीने मिटविली जातात. सणासुदीला मोहीम निघते, दोन दिवस पोलीस दिसतात, तिसऱ्या दिवशी रस्ता मोकळा. पन्नास वेळा सिग्नल मोडला तर एखाद्याच वेळी पकडले जाऊ, असा ज्याचा अनुभव आहे, त्याला दंड पाचशेचा केला काय आणि हजाराचा केला काय, फरक पडत नाही. माणूस शिक्षेच्या मोठेपणाला जितका भितो, त्याहून अधिक तिच्या अटळपणाला भितो. इंग्रजांनी हे ओळखले आणि १९९० नंतर वेग टिपणारे कॅमेरे रस्तोरस्ती उभारले. आपण मात्र दंडाचा आकडा वाढविला की कर्तव्य पार पडले असे समजतो.

चूक कोणाची?

अपघाताची चिकित्सा हा आणखी एक भेद. ब्रिटनमध्ये १९४९ पासून, इजा झालेल्या अपघाताची पोलिसांकडे नोंद झाली की ती एका ठरावीक नमुन्यात भरली जाते: जागा, वेळ, रस्त्याची स्थिती, प्रकाश, वाहनांच्या हालचाली. तेथील स्थानिक संस्थांवर आपल्या हद्दीतील अपघातांचा अभ्यास करून उपाय योजण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. एकाच वळणावर तीन मोटारी घसरल्या, तर चालकांबरोबर वळणाचीही चौकशी होते.

आपल्या अहवालांत २०२२ मधील शेकडा एकाहत्तर मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदलेले आहे. त्यात तथ्य आहेच. परंतु पंचनामा करणाऱ्या हवालदारापाशी चालकाची चूक हाच सर्वांत सोपा रकाना असतो, हेही खरे. उतारावर वळण कोणी दिले, दुभाजक मधेच कोणी फोडला, गतिरोधकावर पट्टे का नाहीत, महामार्गावर बिनदिव्याचा ट्रक रात्रभर कसा उभा राहिला, हे प्रश्न पंचनाम्यात फारसे उमटत नाहीत. सदोष रचनेबद्दल कंत्राटदारास आणि सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१९ च्या सुधारणेने केली आहे. या कलमाखाली कोणाला शिक्षा झाल्याची बातमी वाचल्याचे किती वाचकांना आठवते? आपल्याकडे महामार्गावरील ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरविण्याची व्याख्याही अशी आहे की, पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात घडावे लागतात किंवा दहा माणसे मरावी लागतात. म्हणजे रस्ता धोक्याचा आहे, हे सिद्ध करण्याचे काम मेलेल्यांवर सोपविलेले आहे.

मनावर घेतले तर येथेही काय होऊ शकते, याचा पुरावा घराजवळच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे दगावली होती. त्या सुमारास अपघातांचा जागोजागी अभ्यास करून कठडे, पुलांच्या खांबांभोवती संरक्षण, इशाऱ्याच्या पट्ट्या, गस्त आणि तातडीची वैद्यकीय मदत असे उपाय हाती घेतले गेले. पुढील काही वर्षांत बळींची संख्या निम्म्याच्या आसपास आली. चालक तेच होते, त्यांचे रक्तही तेच होते.

दुबळ्याचा हक्क

अर्थात ब्रिटनची नक्कल करून भागणार नाही. तेथील रस्त्यावर मुख्यतः मोटारी असतात. आपल्या रस्त्यावर ट्रक, एसटी, रिक्षा, दुचाकी, सायकल, हातगाडी, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस एकाच वेळी वाट काढीत असतात. पण हा भेद मान्य केला की जबाबदारी कमी होत नाही. उलट ती वाढते. २०२२ च्या बळींत शेकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीस्वार होते आणि जवळजवळ एक-पंचमांश पादचारी. दोन-तृतीयांश बळी अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होते. म्हणजे मरणारा माणूस बहुधा आलिशान मोटारीतला नाही. तो कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार आहे, कचेरीतून परतणारा कारकून आहे, मित्राच्या दुचाकीवर मागे बसलेला विद्यार्थी आहे, पदपथ फेरीवाल्यांनी आणि उभ्या मोटारींनी अडविल्यामुळे रस्त्यावरून चालणारी शिक्षिका आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक माणसे अशी गेली.

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या नियमपुस्तिकेत जानेवारी २०२२ मध्ये एक तत्त्व स्पष्ट शब्दांत आले. ज्याच्या हातून अधिक हानी होऊ शकते, त्याच्यावर अधिक जबाबदारी. ट्रकने मोटारीला सांभाळावे, मोटारीने सायकलला आणि सर्वांनी मिळून पादचाऱ्याला. आपल्याकडचा अलिखित नियम नेमका उलटा आहे: ज्याचे वाहन मोठे, त्याचा हक्क मोठा. पादचाऱ्याने रस्ता ओलांडावयाचा तो जीव मुठीत धरून आणि हात पुढे करून, जणू काही तो सवलत मागत आहे. हा केवळ वाहतुकीचा प्रश्न नाही. बलवानाने पुढे जावे आणि दुबळ्याने बाजूला व्हावे, ही समाजाची जी एरवीची रीत आहे तिचेच प्रतिबिंब आपल्या चौकांत पडते. समतेचा अध्याय वर्गात शिकलेला विद्यार्थी शाळेच्या फाटकाबाहेर पडताच जो पहिला धडा शिकतो, तो हा आहे.

ब्रिटन म्हणजे स्वर्ग नव्हे. २०१० नंतर तेथील बळींची संख्या फारशी खाली आलेली नाही. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील सर्वसाधारण मर्यादा ताशी वीस मैलांवर आणली, तेव्हा तिच्याविरुद्ध लाखो सह्यांचा अर्ज सादर झाला. म्हणजे लोक तेथेही कुरकुरतात. पण कुरकुर ऐकून घ्यावयाची, तपशिलात जेथे तथ्य असेल तेथे दुरुस्ती करावयाची आणि तत्त्व सोडावयाचे नाही, ही तेथील कारभाराची सवय झाली आहे. १९३५ पासून सरकारे बदलली. हुजूर पक्ष आला, मजूर पक्ष आला. होर-बेलिशांनी सुरू केलेली परीक्षा कोणी कायमची मोडीत काढली नाही आणि कासलबाईंचा कायदा कोणी गुंडाळून ठेवला नाही.

आपल्याकडेही करावयाचे ते फार गूढ नाही. परवान्याची परीक्षा खरी व्हावी, वारंवार नियम मोडणाऱ्याचा परवाना जावा, मग तो कोणाचाही असो. प्रत्येक प्राणघातक अपघातात चालकाबरोबर रस्त्याचीही चौकशी व्हावी आणि तिचा अहवाल लोकांसमोर यावा. शाळा, रुग्णालये आणि बाजारपेठा यांच्यासमोरील रस्ते पायी चालणाऱ्याच्या सोयीने आखले जावेत. यांतल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. लागते ती एखाद्या मंत्र्याची चार वर्षे शिव्या खाण्याची तयारी आणि त्याच्या जागी येणाऱ्याची ते काम मोडून न टाकण्याची बुद्धी.

विलायतेहून परतलेल्या त्या गृहस्थांकडे शेवटी पुन्हा वळावयास हवे. तेथे नातेवाइकाची मोटार त्यांनीही चार दिवस चालविली असेल. लाल दिव्यापुढे ते थांबले असतील, झेब्रा पट्ट्यांवरील शाळकरी पोरासाठी त्यांनी गाडी उभी केली असेल, पट्टा न विसरता बांधला असेल. विमान मुंबईच्या धावपट्टीवर उतरेपर्यंत त्यांच्या अंगी ही शिस्त होती. धावपट्टीपासून चौकापर्यंतच्या अंतरात ती हरवली असेल, तर ती रक्तात नव्हती म्हणून नव्हे. येथे ती कोणी मागितलीच नाही म्हणून. ती मागण्याचे काम शासनाचे आहे, आणि शासनाने ते करावे असा आग्रह धरण्याचे काम मतदाराचे. तोवर दररोज साडेचारशे घरांत संध्याकाळी कोणाची तरी वाट पाहिली जाईल आणि तो माणूस येणार नाही.